संडासाखालचा भराव

वाशीच्या घराची किल्ली मिळाली त्या दिवशी आईनं आत शिरून पहिलं दार उघडलं ते संडासाचं. स्वयंपाकघर नंतर. आम्ही तिच्या मागे उभे, आणि ती त्या पांढऱ्या भांड्याकडे बघत राहिलेली. मग ती आत गेली, दार ओढून घेतलं, कडी घातली, काढली, पुन्हा घातली. "लागती गं," ती आतून म्हणाली.

हसू येईल कुणाला, पण त्याआधी आम्ही ज्या वस्तीत राहत होतो तिथं सगळ्या गल्लीला मिळून सहा संडास होते आणि त्यांतल्या एकाचीच कडी लागायची. आई आणि माझी मोठी बहीण, म्हणजे ताई, उजाडायच्या आत डबा घेऊन जायच्या आणि एकमेकींसाठी दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या. मी जरा मोठी झाल्यावर मलाही ती पाठ लावायची ड्युटी लागली. तेव्हा वाशीच्या घरातली ती कडी आमच्यासाठी काय होती हे ज्याच्या घरात जन्मापासून कडी आहे त्याला मी सांगत बसणार नाही.

आम्ही मूळचे मराठवाड्यातले. गावात आमच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मेलेली जनावरं ओढून नेण्याचं काम होतं. बाबांना मिसरूड फुटायच्या सुमाराला आमच्या माणसांनी धर्म बदलला आणि त्याबरोबर ते कामही सोडलं. बाबांनी तेव्हा आजोबांच्या देखत शपथ घेतली होती की यापुढे माझ्या घरातला हात दुसऱ्याची घाण उचलणार नाही. ही शपथ आम्हाला बाराखडीबरोबर शिकवलेली होती. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होते. घरातसुद्धा ते ऑफिसातल्यासारखं मोजून मापून मराठी बोलायचे. आई मात्र शेवटपर्यंत गावचीच बोलली.

आणि आई संडास धुवायची. रोज. बाबा कारखान्यातून प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ॲसिड आणायचे, तिथं ते भंगारातच निघायचं. आई नाकाला पदर बांधून ते सकाळी भांड्यात ओतायची, खराट्यानं घासायची, आणि पाहुणे येणार असतील तर संध्याकाळी पुन्हा. "कोनी आलं तर म्हनायला नको," एवढंच म्हणायची. कोण काय म्हणणार होतं ते ती कधी पुरं करायची नाही, आणि आम्हीही विचारायचो नाही, कारण आम्हाला ते माहीत होतं. बाबांच्या ऑफिसातल्या एका साहेबांची बायको एकदा आमचा संडास वापरून आली आणि म्हणाली, "किती स्वच्छ ठेवता हो तुम्ही!" तिला वाटलेलं आश्चर्य आईला दिसलं नाही. मला दिसलं. आई आठवडाभर खुशीत होती.

आमची इमारत एकमजली, आम्ही वर. खाली एक म्हातारी आणि तिचा मुलगा राहायचे. ती इथलीच, खाडीकाठच्या गावातली. जिथं आता आमच्या वसाहतीचे रस्ते आहेत तिथं त्यांची भातशेती होती. ती शहरासाठी गेली आणि भरपाईच्या पैशातून मुलानं हे घर घेतलं. पण घराच्या आत संडास ही गोष्ट म्हातारीला काही केल्या पटेना. जिथं चूल तिथंच हे? तिनं पहिल्याच आठवड्यात आतलं भांडं वापरायच्या आधीच काढून टाकायला लावलं, तिथं फरशी घातली, चुना दिला, आणि संडास परसात बांधून घेतला. रिकाम्या झालेल्या त्या खोलीत तिनं बांबूची कणगी ठेवली. कणगीत भात होतं, सालासकट, त्यांच्या शेतातल्या शेवटच्या पिकाचं. ते खायला नव्हतं आणि पेरायला तर शेतच नव्हतं. ते नुसतं ठेवायला होतं. भावकीत लग्न निघालं की म्हातारी त्यातलं ओंजळभर उखळात सडून अक्षतांना द्यायची. दर वर्षी मे महिन्यात ती ते सगळं बाहेर काढून अंगणात उन्हाला घालायची.

आपल्या डोक्यावर, बरोबर त्याच जागी, दुसऱ्या कुणाचा संडास आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. आपल्या पायाखाली कुणाचं भात आहे हे आमच्याही नाही.

त्या मे महिन्यात ताई आमच्याकडे बाळंतपणाला आली होती. दुसरं बाळंतपण. पहिलं तिच्या सासरी, गावात झालं होतं, आणि ते लेकरू दोन दिवसांचं होऊन गेलं होतं. ताईचे पायही तेव्हा आतासारखेच सुजले होते म्हणे, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. इथल्या डॉक्टरीण बाईंनी आठव्या महिन्यात तपासलं आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं: हिला झोपवून ठेवा. जिना चढायचा-उतरायचा नाही. भरपूर पाणी पाजा. आणि परत गावी पाठवायची नाही, काहीही झालं तरी. बाबा घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. ताईची खाट हॉलमध्ये, संडासापासून सहा पावलांवर टाकली.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी खालचा मुलगा वर आला. दारातच उभा राहिला.

"काका, जरा खाली येता का? आयस बोलवतेय."

बाबांच्या मागोमाग मीही गेले. म्हातारी त्या खोलीच्या दारात बसली होती. आतला वास बाहेर अंगणापर्यंत येत होता. छताला मोठा काळा डाग पडला होता आणि त्यातून थेंब थेंब गळत होतं, सरळ कणगीत. वरचं वीतभर भात काळं पडून त्याचा चिखल झाला होता.

म्हातारी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं एक मूठ भात हातात घेतलं होतं, तेच बाबांपुढे धरलं.

"ह्यो बग. तुमचा पानी आमचे भातावर परतंय," ती म्हणाली. "आता नको परू देव."

एवढंच. बाबा हात जोडून म्हणाले, "आजपासून एक थेंब पडणार नाही." वर येताना त्यांनी जिन्यातच मला सांगितलं की आजपासून संडास बंद. मी म्हटलं, "आणि ताई?" ते पुढे चालत राहिले.

आईनं तोंडावर पदर घेतला. ती म्हणाली, "त्यायच्या भातावर आपली घान पडली का?" आणि पुन्हा, "आपली?" बाबांनी दोन बादल्या पाणी भांड्यात ओतून बघितलं, खाली जाऊन बघितलं, आणि दाराला सुतळी बांधली. ती कडी, जी आम्हाला मिळाली म्हणून आई हरखली होती, तिच्यावरून सुतळीची गाठ.

आमचं, बाकीच्यांचं काही नव्हतं. बाबा कारखान्यात जायचे. आई आणि मी पहाटे रस्ता ओलांडून दलदलीकडच्या झुडपांत जायला लागलो, डबा घेऊन, पूर्वीसारख्या. एकमेकींसाठी उभ्या राहायला लागलो, पूर्वीसारख्या. पण तिथं दारही नव्हतं पाठ लावायला. मी सतरा वर्षांची होते आणि मला इतका संताप यायचा की मी वाटेत आईशी बोलायची नाही, जणू तिनंच मला तिथं आणलं होतं.

ताईचा प्रश्न होता. म्हातारीच्या परसात संडास होता, पण जिना उतरायला बंदी, आणि बंदी नसती तरी आईनं कानावर हात ठेवले. "कोन्या तोंडानं मागावं गं माय?" तिनं औषधाच्या दुकानातून एनॅमलचं एक पॅन आणलं, रुग्णाला खाटेवर देतात तसलं, पांढरं, निळ्या काठाचं. ताईसाठी हॉलमध्ये लुगड्याचा आडोसा केला. मग ते पॅन वर्तमानपत्रानं झाकून, पदराआड धरून, आई जिना उतरायची. जिना खालच्या अंगणातून जायचा, जिथं म्हातारीनं वाचलेलं भात चटईवर पसरून ठेवलं होतं. त्या भाताच्या कडेकडेनं आई ते घेऊन दलदलीकडे जायची आणि धुऊन परत यायची.

ताईची खाट खिडकीशी होती. तिला अंगणातून जाणारी आई दिसायची.

प्लंबर मिळेना. तेव्हाच्या वाशीत इमारती होत्या, रस्ते होते, माणसं तुरळक होती, आणि हातात कसब असलेला माणूस हवा असेल तर तो पुलापलीकडे मुंबईत. जो तो म्हणायचा, उद्या येतो. भांडंच बदलावं लागणार असं धरून बाबांनी रजा टाकली, चेंबूरला गेले आणि नवीन भांडं घेऊन बसनं आले. गोणपाटात गुंडाळलेलं ते भांडं त्यांनी सगळी वाट मांडीवर धरलं होतं, कारण खाली ठेवलं तर पुलावरच्या धक्क्यांनी तडकेल ही भीती. गोणपाट सरकून भांडं दिसायला लागलं तशी शेजारची माणसं उठून उभी राहिली म्हणे. नवं कोरं होतं हो ते! बाबा घरी आले आणि भांडं भिंतीशी ठेवून बराच वेळ दुसऱ्या भिंतीकडे बघत बसले.

शेवटी प्लंबरऐवजी एक गवंडी मिळाला, तो चार दिवसांनी येतो म्हणाला. चार दिवस निघतील असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

निघत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी खिडकीतल्या मोगऱ्याच्या कुंडीला पाणी घालायला गेले. त्या उन्हात कुंडी रोज भेगाळलेली असायची. त्या दिवशी मातीवर पाणी तरंगत होतं, खालून ओघळ भिंतीवर आला होता. मी ताईकडे बघितलं. तिच्या उशाशी रिकामा पेला. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, म्हणजे झोपल्याचं सोंग.

"तू पाणी पीत नाहीस," मी म्हटलं.

"पिते की."

"सगळं कुंडीत आहे."

ती वळली. तिचा चेहरा सुजला होता, आणि ओठांच्या साली निघाल्या होत्या. "प्यायलं की होते," ती म्हणाली. "आणि झाली की आई नेते. त्या म्हातारीपुढून नेते गं ती. रोज तीनदा. मी बघते वरून." मग म्हणाली, "आईला सांगितलंस तर बघ."

मी सांगितलं. आई रडली, बाबा रागावले, मग बाबाही रडले. बाबांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. पण ताईनं दात घट्ट मिटले. जेवणही ती दोन घास करायला लागली. तिच्या पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. बाबा डॉक्टरीण बाईंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, पाणी गेलं नाही पोटात तर दोघांचं अवघड आहे. ऐका, अवघड आहे. बाबांनी घरी येऊन हे ताईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "संडास होऊ द्या, मग पिते." जणू तो आमच्या हातात होता.

मला तेव्हा स्वच्छ दिसत होतं की ताई मरणार. एका संडासापायी आमच्या घरातलं माणूस मरणार, आणि आम्ही तिघं त्या सुतळी बांधलेल्या दाराकडे बघत बसणार. मला कुणाचा तरी जीव घ्यावासा वाटत होता. कुणाचा ते कळत नव्हतं.

गवंडी आला तो सकाळी दहाला. घाटावरचा होता, चटपटीत. "टेन्शन नको साहेब, आज बसवून देतो," म्हणाला. छिन्नी-हातोड्यानं त्यानं भांड्याच्या कडा मोकळ्या केल्या, खाली वाकून सांधा बघितला, बोटानं टोकरला. बोटाला रेती आली.

"इथं रोज काय वतता?"

आई दारातच उभी होती. "ॲसिड," ती म्हणाली. जरा अभिमानानंच म्हणाली. "रोज धुते मी."

"रोज?" तो हसला. "बाई, सिमेंट खाल्लंय त्यानं. सांधाच ऱ्हायला न्हाई. ह्ये महिन्यातनं एकदा वतायचं आसतं, ते बी पानी घालून. न्हाई धुतलं आसतं तर धा वर्सं गळलं नसतं."

आईच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. ती आत गेली आणि ओट्यापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. कुणी काही म्हणू नये म्हणून जे केलं त्यानंच ही पाळी आणली होती. तिच्या स्वच्छतेनं दुसऱ्याचं भात नासवलं होतं, आणि आता लेक जात होती. ती कितीतरी दिवस एकच वाक्य म्हणत राहिली: "मला वाटलं, जास्त घातलं म्हंजी जास्त चांगलं."

गवंड्यानं जुनं भांडं फोडून काढलं. त्याखाली भराव होता. वरच्या मजल्यावरच्या संडासाची जमीन खोल ठेवतात आणि भांड्याभोवती विटांचे तुकडे आणि माती भरतात. ते हातभर खोलीचं भरण किती महिने भिजत होतं देव जाणे. काळं, पाझरणारं, आणि वास असा की गवंडी स्वतःच जिन्यात जाऊन उभा राहिला.

"ह्ये सगळं काढाय लागंल," तो म्हणाला. "त्याबिगर नवीन बसनार न्हाई. काढून ठेवा, मी दुपारी येतो."

बाबा म्हणाले, "काढून ठेवा म्हणजे? तुम्ही काढणार ना?"

"न्हाई साहेब. भराव आमी उचलत न्हाई. त्ये काम येगळ्या मान्सांचं." त्यानं हात-पाय धुतले. हॉलमधून जाताना भिंतीवरच्या आमच्या दोन तसबिरींकडे त्याची नजर गेली, थांबली, आणि त्याला काय कळायचं ते कळलं. आवाजात काही वाईट नव्हतं त्याच्या. उलट सोपं करून सांगितल्यासारखा तो म्हणाला, "तुमच्यात आसंल की कोनीतरी."

बाबांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. मी वाट बघत होते की ते त्याला हाकलून देतील. माझे हात शिवशिवत होते. पण त्याला हाकलला तर दुसरा कधी मिळणार? आणि खाटेवर ताई डोळे मिटून पडली होती, कोरड्या ओठांनी, सगळं ऐकत. बाबा म्हणाले, "दुपारी या. काढून ठेवतो." मग चपला घातल्या आणि झाडूकामाचा एखादा माणूस मिळतो का ते बघायला बाहेर पडले. शपथ त्यांच्या घरातल्या हातांची होती. बाहेरचा हात चालणार होता. हे मला तेव्हाच खुपलं, पण बोलायला तो दिवस नव्हता.

बारा वाजले. बाबा आले नाहीत. आई ताईच्या ओठांना ओलं फडकं लावत होती आणि ताई तोंड फिरवत होती. एकदा ताई कण्हली, पोटाशी हात नेऊन. आईनं माझ्याकडे बघितलं. ती काहीही बोलली नाही हे मला आजही शपथेवर सांगता येईल.

मी ओढणी कमरेला बांधली. गवंड्याचं घमेलं तिथंच होतं, थापीही होती. सुरुवातीला थापीनं भरायचा प्रयत्न केला, पण विटांचे तुकडे निसटत होते, मग हातानंच भरायला लागले. पहिल्या घमेल्याला ओकारी आली, दुसऱ्यालाही. नंतर आली नाही. माणसाला कशाचीही सवय होते असं लोक सहज म्हणतात. मला ती इतक्या लवकर झाली याचाच राग आला होता. घमेलं डोक्यावर घ्यायचं नाही एवढं मात्र मी ठरवलं होतं. कमरेवर घेतलं. त्यातलं पाणी पायावरून ओघळत होतं.

जिना उतरून अंगणात आले तर समोर म्हातारी, तिच्या भाताच्या चटईशी बसलेली. वाट चटईला लागूनच. मी थांबले. घमेल्यातून ठिबकत होतं, आणि आता एक थेंब जरी उडाला तर—

म्हातारीनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "बापूस कुठं हाय तुजा?"

"माणूस शोधायला गेलेत."

"आनि तू?"

मी म्हटलं, "ताई पाणी पीत नाही."

तिला आमच्या घरातलं काही माहीत होतं की नाही कोण जाणे. पण आईला पदराआड काहीतरी घेऊन जाताना तिनं रोज बघितलं होतं. ती गुडघ्यावर हात देत उठली, चटईचं टोक धरलं आणि आपलं भात भिंतीपर्यंत फरफटत मागे ओढलं. वाट रुंद झाली. मग परसाकडे गेली, फावडं आणलं आणि संडासामागच्या मातीत स्वतःच खड्डा करायला लागली.

"खारीच्या दलदलीपर्यंत कंदी जाशील? हितं टाक, या खड्ड्यान," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. पुढची फेरी आणली तेव्हा म्हणाली, "भात गेला तो गेला. बाय वाचली पायजे."

किती फेऱ्या झाल्या मी मोजल्या नाहीत. अर्ध्याहून जास्त भराव निघाला होता तेव्हा बाबा आले. एकटेच. मी संडासाच्या खड्ड्यात उभी होते, कोपरापर्यंत काळी. ते दारात थांबले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांची शपथ माझ्या दोन्ही हातांवरून गळत होती.

"मिळाला होता एक," ते म्हणाले. "मार्केटच्या मागे. माझ्याच वयाचा असेल. भाकरी खात होता. मी त्याच्यापुढे उभा राहिलो, आणि मला त्याला विचारता आलं नाही."

मग त्यांनी शर्ट काढला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि माझ्या हातातून घमेलं घेतलं. "तू हो बाहेर," म्हणाले. मी झाले नाही. मी भरत राहिले आणि ते नेत राहिले. शेवटी खालचा काँक्रीटचा तळ दिसला, ओला, पण मोकळा.

जिन्याखालच्या नळावर बाबांनी माझे हात धुतले. साबणाची अख्खी वडी घेऊन, कोपरापासून बोटांपर्यंत, एकेक नख. धुवून झालं की माझा पंजा नाकाशी नेऊन वास घ्यायचे, मान हलवायचे आणि पुन्हा साबण लावायचे. "जात नाही," म्हणायचे. मी म्हटलं, "बाबा, गेला." ते पुन्हा वास घ्यायचे. माझी कातडी चुरचुरायला लागली तरी त्यांनी सोडलं नाही. माणसं येत-जात बघत होती. त्यांचे स्वतःचे हात तसेच काळे होते.

वर आले तर ताई उठून बसलेली. खिडकीतून तिनं सगळं बघितलं होतं, मी घमेल्यासकट, बाबा घमेल्यासकट, म्हातारी फावड्यासकट.

"हात धुतलेस?" ती म्हणाली.

"हो."

"मग मला पाणी दे."

मी पेला दिला. तिनं तो संपवला आणि पुन्हा पुढे केला. तिसरा पेला पिताना ती हमसून हमसून रडायला लागली, पाणी नाकातून आलं, तरी पीत राहिली. "आता कुणाची लाज धरू," ती म्हणाली, "सगळ्यांनी सगळं उचललं."

गवंडी दुपारी आला, मोकळा खड्डा बघितला आणि कामाला लागला. भांडं बसवून झाल्यावर म्हणाला, "तीन दिस वापरू नका, सिमेंट पिकू द्या." तिसऱ्या दिवसापर्यंत ते निळ्या काठाचं पॅन आईनं नेलं, मी नेलं, एकदा बाबांनी नेलं. म्हातारीनं परसातल्या संडासाचं दार आमच्यासाठी उघडंच ठेवलं होतं, पॅन तिथंच रिकामं करायचो. ताई पाणी पीत होती. तिची सूज उतरायला वेळ लागला आणि डॉक्टरीण बाईंनी आणखी बरंच बोलून घेतलं, पण पंधरा दिवसांनी मुलगी झाली आणि ती जगली. नाव ठेवायच्या दिवशी म्हातारी एका पानात ओंजळभर तांदूळ घेऊन आली. त्या भाताचे होते. तिनं ते सडून, निवडून आणले होते. आईनं ते दोन्ही हातांनी घेतले आणि तिला पाटावर बसवलं.

ॲसिडचा कॅन त्यानंतर घरात आला नाही. आणि आईला संडासाला हात लावायची बंदी झाली. मलाही. दर रविवारी बाबा विजार दुमडून, पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन ते काम स्वतः करायचे. कुणी कारण विचारलं नाही. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात पुन्हा कुणी बोललंच नाही.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी नोकरीला लागले होते. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. आईचे गुडघे कामातून गेले होते. बाबांची खाट हॉलमध्ये टाकली, ताईची होती तिथंच. माळ्यावरून मी ते एनॅमलचं पॅन काढलं, राख लावून घासलं. पहिल्या दिवशी मी ते उचललं तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

आठवडाभरात ते सुकायला लागले. पाणी तर मी स्वतःच्या हातानं पाजत होते. मग एका सकाळी चादर बदलताना उशीखालचा पंचा हाताला लागला. चिंब ओला होता. घोट तोंडात धरायचे, मी वळले की पंच्यात सोडायचे.

मला ती मोगऱ्याची कुंडी आठवली. मी पेला भरून आणला आणि खाटेवर त्यांच्याशेजारी बसले. मला राग आला होता, सतराव्या वर्षी आला होता तसाच.

"बाबा, त्या दिवशी मी किती घमेली उचलली, आठवतंय?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

"तुमचं त्यापुढे काहीच नाही. प्या."

मग डावा हात पांघरुणाबाहेर आला, चाचपडत माझ्या हातावर आला. माझा पंजा त्यांनी कसाबसा उचलला, नाकाशी नेला आणि वास घेतला. बराच वेळ.

"साबणाचा येतोय," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, आणि पेल्यापुढे तोंड उघडलं.